बळी तो कान पिळी : हा निसर्गनियम आहे काय?

'बळी तो कान पिळी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरात, कचेरीत, मंडळीच्या कमिटीत एखादा मनुष्य इतरांना दाबू लागला की आपण हीच म्हण उच्चारून गप्प बसतो. हल्ली तिला शास्त्रीय आधारही दिला जातो. लांडग्यांच्या कळपात एक 'अल्फा' म्हणजे पहिला असतो, तो इतरांना धाकात ठेवतो, तेव्हा माणसांतही तसेच चालायचे, असे शिकलेले लोकही सांगतात. हा आधार कितपत पक्का आहे, हे आपण पाहू.

रूडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधील बाझल शहराच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे बारकाईने निरीक्षण केले व १९४७ साली ते प्रसिद्ध केले. सुमारे १० मीटर रुंद व २० मीटर लांब अशा आवारात कधी कधी दहापर्यंत लांडगे असत. त्यांच्यात मानासाठी सतत झटापट चाले. नरांची एक उतरंड, माद्यांची दुसरी, आणि सर्वांच्या वर एक जोडी. वरचा लांडगा शेपटी उंच धरून चाले. खालचा ती पायांत घालून, कान पाडून अंग चोरी. शेंकेल यांनी जे पाहिले ते खरेच होते. परंतु पुढे लोकांनी तो सर्वच लांडग्यांचा स्वभाव मानला. अमेरिकेतील डेव्हिड मीच यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे ही समजूत दूरवर पसरली.

पुढे मीच यांनीच ती दुरुस्त केली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९८६ पासून अनेक उन्हाळे ते उत्तर कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ राहिले. १९९९ साली त्यांनी लिहिले की, रानातला कळप म्हणजे सामान्यतः एक कुटुंब असते : आईबाप आणि त्यांची पिल्ले. आईबाप पुढे चालतात ते कोणाला लढाईत हरवून नव्हे, तर ते आईबाप आहेत म्हणून. मादी पिल्लांपाशी असते तेव्हा नर शिकार करून अन्न आणतो. पिल्ले मोठी झाली की बहुधा तीन वर्षांच्या आत कळप सोडतात व आपले घर स्वतः मांडतात. आपल्या जुन्या पुस्तकाची छपाई थांबवावी, अशी विनंती मीच प्रकाशकांना करीत राहिले, आणि २०२२ साली ती थांबली.

म्हणजे रानातला लांडगा साधुसंत आहे असे नव्हे. तेथेही आईबाप पिल्लांवर गुरगुरतात, मोठ्या कळपात तंटे होतात, परक्या कळपातल्या लांडग्याला ठारही मारले जाते. पण रानात एक गोष्ट आहे जी बाझलच्या आवारात नव्हती. ज्याला सहन होत नाही, तो निघून जाऊ शकतो. आवारातल्या दुबळ्याला रोज त्याच दातांसमोर उभे राहावे लागे.

कोणी म्हणेल, लांडग्याचा आणि नीतीचा संबंध काय? तो क्रूर असता तर आपल्याला क्रौर्याची मोकळीक मिळाली असती काय? मुळीच नाही. लांडग्याला आम्ही गुरू करीत नाही. शिकायचे आहे ते माणसाच्या चुकीपासून : कोंडलेल्याचे वागणे पाहिले आणि त्याला स्वभाव म्हटले.

ही चूक आम्हीही केली आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका बोर्डिंगात मुलांची देखरेख आमच्याकडे होती. एकाच लांब खोलीत तीस मुले राहत. त्यांतला एक थोराड मुलगा धाकट्यांकडून आपले कपडे धुऊन घेई, त्यांच्या ताटातले अंडे उचली. एक लहानगा तक्रार घेऊन आला. आम्ही म्हणालो, "अरे, मुले अशीच असायची. उद्या तूही मोठा होशील." तो पुन्हा तक्रार घेऊन आला नाही, आणि आम्ही समाधान मानले. मे महिन्याच्या सुट्टीनंतर तो बोर्डिंगात परतलाच नाही.

त्याच सुट्टीत आम्ही त्या थोराड मुलाच्या गावी गेलो होतो. तो आपल्या धाकट्या बहिणीला खांद्यावर घेऊन तिला हसवीत विहिरीकडे चालला होता. मुलगा तोच, आवार तेवढे वेगळे.

यावरून त्या मुलाचा दोष नाहीसा होतो असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या ताटातले उचलणारा हात त्याचाच होता. पण दाराची किल्ली आमच्या खिशात होती, आणि आम्ही निसर्गाचे नाव पुढे केले.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातील एखादे मूल दादागिरी करीत असेल, एखादे कोपऱ्यात अंग चोरून बसत असेल, किंवा घरातली सून सदा मान खाली घालून वावरत असेल, तर 'स्वभावच तसा' असे म्हणण्यापूर्वी कुंपणाकडे पाहावे. दुबळ्याला उठून जाता येते काय? त्याचे ऐकणारा कोणी आहे काय? आणि किल्ली आपल्याच खिशात असेल, तर पहिला जाब आपल्यालाच द्यायचा आहे.