चोरलेले क्रूस

रने क्लेमां यांचा 'फॉरबिडन गेम्स' हा १९५२ चा फ्रेंच चित्रपट आम्हास अजून छळतो. जून १९४०, विमानांच्या गोळीबारात चिमुकल्या पोलेतचे आईबाप व कुत्रा मरतात. शेतकऱ्याचा मुलगा मिशेल तिच्यासाठी मेलेले प्राणी पुरतो आणि त्यांच्या कबरींकरिता कबरस्तानातले क्रूस चोरतो. चोरी ती चोरीच. आठवी आज्ञा मुलांनाही आहे. पण पोलेतला ठेवून घेऊ, असे वचन देऊन बाप क्रूसांचा ठावठिकाणा काढून घेतो, अन् तिला पोलिसांच्या हवाली करतो! (रविवारच्या शाळेत आपण धडा पहिल्याच अपराधाचा देतो.) मिशेल सारे क्रूस ओढ्यात फेकतो. त्याला पापी म्हणताना आमची जीभ अडखळते; बापाला म्हणताना नाही.