सेवेची पक्षनिरपेक्षता
सेवाभावी संस्थेने निवडणुकीतल्या उमेदवाराला न्याहारीला बोलवावे का, हा वरवर शिष्टाचाराचा वाटणारा प्रश्न मुळात नीतीचा आहे. १९०५ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या रोटरीने त्यावर नियमच केला आहे. क्लबने कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देऊ नये, त्याच्या गुणदोषांची सभेत चर्चाही करू नये. सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास मात्र करावा.

अडचण इथेच सुरू होते. अमेरिकेतल्या गावातला क्लब सकाळी सातला जमतो, घंटा वाजते, अंडी-कॉफी होते आणि उमेदवार शाळा, रस्ते, करांवर बोलतो. कोणी शिफारस केलेली नसते. तरी गावातल्या वजनदार माणसांसमोर मिळालेली वीस मिनिटे हीच त्याची कमाई असते. म्हणून एकालाच बोलावणे हा मूक पाठिंबा ठरतो. सर्वांना सारखा वेळ, सारखे प्रश्न, हीच खरी कसोटी. रोटरीची १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर यांनी रचलेली चतुर्विध कसोटीही सत्याबरोबर सर्वांना न्याय्य काय, हे विचारते.

निष्काम कर्माचा विचार आणखी खोल जातो. फळाची आसक्ती सोडायची, तर सेवेतून मिळालेली प्रतिष्ठा मतांसाठी खर्च करता येत नाही. विनोबांनी सर्वोदयाला पक्षीय राजकारणापासून दूर ठेवले ते याच निष्ठेने. परंतु अलिप्तता म्हणजे मौन नव्हे. तुंबलेल्या गटाराबद्दल उमेदवाराला जाब विचारणे हेही सेवाकार्यच आहे, आणि तो प्रश्न प्रत्येक उमेदवाराला त्याच शब्दांत विचारला गेला पाहिजे.