डार्वेनचे धुराडे

लँकेशायरमधील डार्वेन हे डोंगराच्या कुशीतले छोटेसे गिरणगाव. वरच्या माळावर १८९८ साली पुरा झालेला ज्युबिली टॉवर आहे. राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाची ती खूण; पण माळावर मोकळेपणी फिरण्याचा हक्क गावकऱ्यांनी झगडून मिळवला, त्याचीही. खाली गावात सुमारे तीनशे फूट उंचीचे, इटलीतल्या घंटाघरासारखे नक्षीदार धुराडे उभे आहे. ज्या गिरणीचे ते धुराडे, तिचे नाव 'इंडिया मिल'.

लँकेशायरच्या कापडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. १९२४ साली आपल्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली आणि सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सुताची अट मान्य झाली. त्या सुताचा दुसरा धागा डार्वेनच्या मागवालीच्या चुलीपर्यंत पोहोचला होता. जपानी माल, आपल्याकडच्या गिरण्या आणि जगभरची मंदी ही मंदावलेल्या धंद्याची मोठी कारणे होतीच. पण बहिष्काराचाही त्यात वाटा होता.

येथे प्रश्न उभा राहतो. आपले न्याय्य पाऊल एखाद्या निरपराध गरिबाच्या पोटावर पडत असेल, तर काय करावे?

दोन उत्तरे सोपी आहेत. 'ते राज्यकर्त्यांचेच लोक, भोगू देत,' हे पहिले. 'कुणाला तरी दुखते ना, मग पाऊलच मागे घ्या,' हे दुसरे. पहिल्यात माणूस दिसत नाही. दुसऱ्यात आपल्या खेड्यातला विणकर दिसत नाही.

सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेले गांधीजी डार्वेनला गेले. गिरणीतल्या बायांनी त्यांना गराडा घालून जयजयकार केला. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. गांधीजींनी कामगारांची दुःखे ऐकून घेतली, पण बहिष्कार सोडण्याचे वचन दिले नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे जवळजवळ तीस कोटी माणसे वर्षातले सहा महिने रिकामी असतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

कुणी विचारील, मग जाऊन साधले काय? रिकामे भांडे रिकामेच राहिले. हा आक्षेप खरा आहे, आणि तो गोड शब्दांनी झाकू नये. तरीही मला वाटते, जाण्याने एक गोष्ट घडली. आपल्या कृतीची किंमत कोण मोजतो, हे कर्त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि मोजणाऱ्याला कारण तोंडावर ऐकायला मिळाले. कृती न्याय्य असली म्हणजे तिचे ऋण फिटत नाही; ते निदान कबूल तरी करावे लागते.

आणि गरिबाला न्याय कळत नाही असे कोण म्हणेल? अमेरिकेतल्या यादवीत कापूस अडला, लँकेशायर उपाशी पडले, तरी १८६२ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा कळवला. आपल्या भाकरीपलीकडे पाहणारी माणसे होती ती.

दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे फार लांबचे वाटू नये. आपला हक्क सोडू नये. पण त्याची झळ ज्याला लागते, त्याच्या ओसरीवर एकदा तरी जाऊन बसावे.