सही केलेलं पुस्तक आणि दोराचं दुसरं टोक

एखाद्यानं प्रस्तरारोहणावर, म्हणजे आपण ज्याला सरळ रॉक क्लाइंबिंग म्हणतो त्यावर, पुस्तक लिहिलं. प्रकाशक मिळाला नाही, किंवा त्यानं शोधलाच नाही. पुस्तक स्वतः छापलं, इन्स्टाग्रामवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'लेखकाच्या सहीची प्रत हवी असल्यास मेसेज करा.' तुम्ही यूपीआयनं पैसे पाठवता, पत्ता कळवता. आठवड्याभरात पाकीट येतं. पहिल्या पानावर तुमचं नाव, तारीख आणि झोकदार सही. तुम्ही त्याचा फोटो स्टेटसला ठेवता. व्यवहार संपला.

खरंच संपला का?

ती सही म्हणजे नेमकं काय असतं? शोभा, आठवण, की वचन? वचन असेल तर कशाचं? आणि कवितासंग्रहावरची सही नि क्लाइंबिंगच्या पुस्तकावरची सही यांत काही फरक आहे का? माझ्या मते आहे, आणि तो लहान नाही.

एक ओळ चुकली तर

कवितेतली एक ओळ फसली तर कविता पडते. गाठ कशी बांधायची हे सांगणारी एक ओळ फसली तर माणूस पडतो.

लिन हिल हे क्लाइंबिंगच्या जगातलं फार मोठं नाव. योसेमिटीतल्या एल कॅपिटन या प्रचंड भिंतीवरचा 'नोज' हा मार्ग तिनं १९९३ मध्ये 'फ्री' चढून काढला, म्हणजे दोर फक्त सुरक्षेसाठी ठेवून, वर सरकायला त्याचा आधार न घेता. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिनं तेच एका दिवसात करून दाखवलं. पण त्याआधी, १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथं, हीच लिन हिल वीस मीटरहून जास्त उंचीवरून थेट खाली आली होती. हार्नेसला दोर बांधताना तिची गाठ अर्धवट राहिली होती. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली.

ही गोष्ट अडाणीपणाची नाही. गाठ तिला झोपेतही बांधता आली असती. नेमकं म्हणूनच क्लाइंबर लोकांनी एक साधा नियम पाळायचा ठरवलेला आहे. चढण्याआधी जोडीदारानं तुमची गाठ बघायची, तुम्ही त्याचा बिले बघायचा. बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून धरून ठेवण्याची पद्धत. समोरचा कितीही अनुभवी असला तरी बघायचंच. यात अविश्वास नाही. माणूस चुकतो, हे दोघांनी आधीच मान्य केलेलं असतं एवढंच.

आता पुस्तकाकडे येऊ. पुस्तकाची गाठ कोण बघतं?

मधला माणूस गेला की काय जातं

नेहमीच्या वाटेनं पुस्तक आलं तर त्याची गाठ बघणारे दोन-तीन जण असतात. संपादक असतो, मुद्रितशोधक असतो, आणि 'हे वाक्य मला कळलं नाही' असं म्हणणारा प्रकाशक असतो. शिवाय वितरक आणि दुकानदार असतात. छापील किमतीतला मोठा हिस्सा त्यांच्याकडे जातो, म्हणून लेखक चिडतात. ती चीड रास्त आहे. प्रस्तरारोहणासारख्या विषयाचं मराठी पुस्तक किती प्रती खपणार? त्यात वितरकाचं कमिशन गेलं की लेखकाच्या हाती उरतं ते चहापाण्यापुरतं.

आणि दुकानं तरी कुठं आहेत? मी हे भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरमधून लिहितो आहे. भोवती धानाची बांधी, महामार्ग आणि आयुध निर्माणीची वसाहत. नागपूर पन्नासेक किलोमीटरवर. किल्ला म्हणाल तर तुमसरकडे अंबागड आहे. पण ज्या कातळांवर मराठी क्लाइंबिंग वाढलं ते लिंगाणा, तैलबैला, कोकणकडा इथून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. इथल्या मुलाला क्लाइंबिंगचं पुस्तक हवं असेल तर ते दुकानात चाळून घ्यायची सोय नाही. लेखकाला थेट मेसेज करणं हीच त्याची वाट. तीही स्वस्त राहिलेली नाही. छापील पुस्तकांसाठी टपाल खात्याची जी स्वस्त नोंदणीकृत सेवा होती ती डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तरीही थेट विक्री चालते, कारण दोघांनाही तिची गरज आहे.

शिवाय लेखकानं स्वतः पुस्तक विकण्यात कमीपणा नाही. आपल्याच विदर्भातले लक्ष्मण राव हे त्याचं जितंजागतं उदाहरण. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा हा माणूस दिल्लीत विष्णू दिगंबर मार्गावरच्या पदपथावर वर्षानुवर्षं चहा विकत होता. मातृभाषा मराठी, लेखन हिंदीत. प्रकाशकांनी दारात उभं केलं नाही, म्हणून स्वतःच प्रकाशक झाले. सायकलवर पुस्तकं लादून शाळा-ग्रंथालयांत फिरले आणि चहाच्या टपरीवरच पुस्तकं मांडून बसले. तिथला वाचक चहाचा पेला हातात धरून लेखकाला तोंडावर सांगू शकत होता, 'हा भाग काही पटला नाही.' लेखक उठून जाऊ शकत नव्हता. चहा उकळत असायचा.

थेट विक्रीची खरी ताकद मला इथं दिसते. कमिशन वाचतं हे आहेच. पण लेखक सापडतो, हे जास्त मोलाचं.

पुस्तकाचा बाप

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोनं 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून लिखाणाविरुद्ध एक तक्रार मांडली. लिहिलेला शब्द चित्रासारखा असतो. जिवंत वाटतो, पण प्रश्न विचारला की गप्प बसतो. तो कोणाच्याही हाती पडतो, आणि त्याच्यावर हल्ला झाला की स्वतःचा बचाव करू शकत नाही. त्यासाठी त्याला त्याचा बाप लागतो, म्हणजे लिहिणारा.

हा मुद्दा कादंबरीला तितकासा लागू होत नाही. कादंबरीतला बाप नसलेलाच बरा, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. पण क्लाइंबिंगच्या पुस्तकाला तो शब्दशः लागू होतो, कारण पुस्तक जागेवर थांबतं आणि कातळ थांबत नाही. सह्याद्रीचा बसाल्ट दरवर्षी चार महिने पाऊस खातो. पापुद्रे सुटतात, धरायच्या खाचा निघून येतात, ठोकलेले बोल्ट गंजतात. दहा वर्षांपूर्वी 'इथं भक्कम बोल्ट आहे' असं लिहिलेलं वाक्य तेव्हा खरं होतं. आज ते एखाद्याला मारू शकतं.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरांवर आल्फ्रेड वेनराइट यांनी हातानं अक्षरं आणि चित्रं काढून सात मार्गदर्शक पुस्तकं केली. पहिलं १९५५ मध्ये आलं, शेवटचं १९६६ मध्ये. पहिलं पुस्तक काढताना मोठा प्रकाशक नव्हता. छपाईचं कर्ज त्यांनी पुस्तक विकत विकत फेडलं. लोकांनी त्या पुस्तकांवर जीव लावला. पण वाटा बदलत गेल्या. कुंपणं सरकली, पूल वाहून गेले. आपल्या हयातीत पुस्तकांत फेरफार होऊ नयेत अशी वेनराइट यांची इच्छा होती. १९९१ मध्ये ते गेले, आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ख्रिस जेस्टी यांनी एकेक वाट पुन्हा चालून सुधारित आवृत्त्या तयार केल्या. चालण्याच्या वाटांच्या बाबतीत हा उशीर परवडला. उभ्या भिंतीच्या बाबतीत परवडेलच असं नाही.

म्हणून सहीचा अर्थ. आमच्या इकडे हिंदीच्या शेजारामुळे 'सही' म्हणजे 'बरोबर' असाही अर्थ निघतो. पुस्तकावरच्या सहीचा हा अर्थ नव्हे. यातलं सगळं बरोबर आहे, असं वचन कोणीच देऊ शकत नाही. लिन हिलची गाठसुद्धा राहून गेली. सहीचा प्रामाणिक अर्थ एवढाच होऊ शकतो : हे मी लिहिलं आहे, मला विचारा, मी उत्तर देईन.

'लेखक जबाबदार नाही'

इथं एक हरकत येते. क्लाइंबिंगचं कुठलंही पुस्तक उघडा, सुरुवातीलाच सूचना असते. हा खेळ धोकादायक आहे, प्रशिक्षकाकडूनच शिका, अपघात झाल्यास लेखक जबाबदार नाही. मग पहिल्या पानावर प्रेमानं सही करायची आणि पुढच्या पानावर हात झटकायचे, हे ढोंग नाही का?

मला ते ढोंग वाटत नाही, कारण जबाबदारी दोन प्रकारची असते. एक नुकसानीची : काही झालं तर भरपाई कोण देणार. ती लेखकानं नाकारली तर त्यात गैर नाही. वाचकानं दोर कुठं बांधला, पावसात गेला की उन्हात, हे त्याच्या हातात नसतं. दुसरी जबाबदारी उत्तराची : विचारलं तर तोंड लपवणार नाही, चूक कळली तर सगळ्यांना सांगेन. ही सूचना छापून नाकारता येत नाही. सही केल्यावर तर नाहीच.

ब्रिटिश क्लाइंबर अँडी कर्कपॅट्रिक यांचं उदाहरण बघा. 'सायकोव्हर्टिकल' या त्यांच्या आत्मकथनपर पुस्तकाला २००८ चा बोर्डमन टास्कर पुरस्कार मिळाला. पुढं त्यांनी काही पुस्तकं स्वतःच काढली. त्यांतलं 'डाऊन' हे पुस्तक डोंगरावरून उतरण्याच्या तंत्रांवर आहे. उतरताना चुकायला फार जागा असते. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रॅपलिंगच्या मोहिमेत अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. सह्याद्रीतले कितीतरी कडे पालथे घातलेला तो माणूस होता. अशा विषयावर आपलं नाव घालून पुस्तक विकणं म्हणजे अनोळखी माणसाच्या दोराला दुरून हात लावणं आहे. कमिशन वाचवण्याइतकी ती साधी बाब राहत नाही.

स्वतःच्या मालाविरुद्ध बोलणारा

विकणाऱ्यानं उत्तर द्यायचं म्हणजे कुठवर? याचं उत्तर मला इव्हॉन शुइनार यांच्या गोष्टीत सापडतं. पुढं पॅटागोनिया ही कंपनी काढणारे तेच. १९५७ मध्ये त्यांनी लोहारकाम शिकून पिटॉन, म्हणजे कातळाच्या भेगेत ठोकायच्या पोलादी खुंट्या, बनवायला घेतल्या. गाडीच्या डिकीत भरून ते त्या दीड डॉलरला एक अशा थेट क्लाइंबर्सना विकायचे. १९७० पर्यंत अमेरिकेत या सामानाचा त्यांच्याएवढा मोठा पुरवठादार उरला नव्हता. मग त्यांच्याच लक्षात आलं की पुन्हा पुन्हा ठोकून-काढून या खुंट्या कातळ फोडताहेत. १९७२ च्या त्यांच्या कॅटलॉगमध्ये ग्राहकांना चक्क सांगितलं होतं की खुंट्या नकोत; हातानं बसवता-काढता येणारे चॉक वापरा. खुंट्या हाच तेव्हा त्यांच्या धंद्याचा मोठा भाग होता.

चॉकही तेच विकत होते, हे खरं. म्हणजे यात संतपणा नव्हता. पण आपला खपणारा माल चुकीचा आहे हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगणं सोपं नसतं. ते जमलं, कारण गिऱ्हाईक म्हणजे त्याच भिंतीवर सोबत लटकणारा माणूस, हे नातं तुटलेलं नव्हतं. थेट विकणाऱ्या लेखकाची कसोटी इथंच लागते. 'पान अमुकवरची आकृती चुकली आहे' ही पोस्ट तो पुस्तकाच्या जाहिरातीइतक्याच ठळकपणे टाकतो का? ज्यांना सही करून प्रती पाठवल्या, त्यांचे नंबर त्याच्या फोनमध्ये आहेतच. नव्या पुस्तकाची बातमी त्यांना जाते. दुरुस्तीची जाते का?

आपली बाजू

इथवर लेखकाला बोललो. पण दोराला दोन टोकं असतात.

सहीमुळे वाचकाचं एक नुकसान होतं. आपल्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये जुना माणूस 'दादा' असतो, नाहीतर 'सर' असतो. सरांनी स्वतः आपलं नाव लिहून पुस्तक पाठवलं, की मग त्यातलं काही खटकलं तरी 'सरांना कसं सांगायचं?' असं होतं. आदर वाढतो, प्रश्न कमी होतात. डोंगरात ही सवय घातक आहे. जोडीदाराची गाठ तपासताना आपण त्याचं वय बघत नाही. सहीच्या प्रतीकडेही तसंच बघायला हवं. 'दादा, पान चाळीसवर दोर उलटा दिसतोय, बघता का?' असा मेसेज हा अपमान नाही. त्या सहीला दिलेलं ते खरं उत्तर आहे.

जवाहरनगरमध्ये राहून हे जरा जास्त जाणवतं. इथं स्फोटकं तयार होतात. २४ जानेवारी २०२५ ला इथल्या निर्माणीत स्फोट झाला आणि कामावर गेलेली माणसं घरी परतली नाहीत. तपासणीच्या कागदावरची सही हा अशा गावात उपचार नसतो. त्या कागदाच्या पलीकडे कुणाचे तरी हात असतात, हे इथल्या घराघरात ठाऊक आहे. पुस्तकाचा कागद तितका भयंकर नाही, हे कबूल. पण ज्या पुस्तकातली गाठ बघून कुणी कातळावर लटकणार आहे, त्याच्या पहिल्या पानावरची सही त्या तपासणीच्या सहीची दूरची बहीण लागते.

तेव्हा सहीची प्रत जरूर घ्या. लेखकाला चार पैसे मिळू देत. पीडीएफ फॉरवर्ड करण्यापेक्षा ते केव्हाही बरं. स्टेटसलाही ठेवा. फक्त त्या पानाचा फोटो काढताना लेखकाचा नंबरही सेव्ह करा, आणि पुस्तक वाचून झाल्यावर त्याला एक तरी अवघड प्रश्न विचारा. तो काय उत्तर देतो यावरून कळेल, पहिल्या पानावर नुसती शाई आहे की दोर धरलेला हात.