पटवून देण्याची विद्या

दहावीच्या इंग्रजीत कवितेचे रसग्रहण विचारतात. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे ठरलेले, आणि त्यांची तयार वाक्ये बहुतेकदा फळ्यावर नाहीतर गाईडमध्ये मिळतात. दौंड तालुक्यातल्या भांडगावची मुलगी ती पाठ करते. अमुक ओळीत उपमा आहे हे तिला ओळखता येते, मार्कही मिळतात. कवीने उपमा नेमकी तिथेच का घातली, ती काढली तर काय बिघडेल, कविता कुणाला उद्देशून आहे, हे तिला क्वचितच कुणी विचारते. साहित्य वर्गात येते. वक्तृत्वाची विद्या, म्हणजे समोरच्याला पटावे म्हणून भाषा कशी रचायची याचा विचार, बाहेर राहतो. या दोन गोष्टींची फारकत झाली की दोन्ही निर्जीव होतात. त्या एकत्र शिकवायला लागणारे सगळे मात्र भांडगावच्या परिसरातच आहे.

तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाते ती भांडगावच्याच वाटेने. वारकरी कीर्तनकार निरूपणाला एकच अभंग घेतो. एकेक चरण सोडवतो, आपल्या म्हणण्याला दुसऱ्या संताचे प्रमाण देतो, अवघड जागी दृष्टांत सांगतो, श्रोते सैल पडले की हसवतो. दोन तासांनी पाठ असलेला अभंगही नव्याने कळलेला असतो. कवितेचे बारकाईने वाचन म्हणतात ते हेच. पटवून देण्याची रीतही गावातच दिसते: कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनावरून वाद होतो तेव्हा तीच तक्रार तहसीलदारांपुढे एका तऱ्हेने मांडली जाते आणि भावकीत दुसऱ्या. चौदा वर्षांच्या मुलीला हा फरक कानाने कळतो. इंग्रजीच्या तासाला मात्र ती हे सारे दाराबाहेर ठेवून बसते.

आता वर्गात घ्यायचा इंग्रजी मजकूर. तोही जवळच आहे. चौफुल्यावरून आत वळले की केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या संस्थेचे गाव. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि 1887 मध्ये अमेरिकेत त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झाले. इंग्रजी ही त्यांनी मोठेपणी कमावलेली भाषा. पुस्तकाची मांडणी पाहावी: बालपण, संसार, धर्मात आणि समाजात स्त्रीचे स्थान, वैधव्य, या स्थितीचा समाजावर होणारा परिणाम, आणि अगदी शेवटी आवाहन. विधवांच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता, पण मागणी पहिल्या पानावर नाही. अमेरिकन वाचक मुलीच्या जन्मापासून तिच्यासोबत चालत येतो. मागणी येते तेव्हा ती त्याला आपलीच जबाबदारी वाटू लागलेली असते. शास्त्रवचने देणारी बाई स्वतः संस्कृत पंडिता असल्याने तिच्या शब्दाला वजन आहे. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळाले आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठीचे शारदा सदन उघडले. भाषेने काम केल्याचा इतका ठोस दाखला शोधायला लांब जायला नको.

याच बाई मराठीत वेगळ्या बोलतात. 1882 च्या ‘स्त्रीधर्मनीति’त त्या मराठी स्त्रियांना उपदेश करतात: स्वावलंबी व्हा, शिका. 1889 च्या प्रवासवृत्तात मराठी वाचकाला अमेरिकेचा समाज दाखवतात. आणि कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिलेली ही विदुषी केडगावात बायबलचे भाषांतर करताना संस्कृतप्रचुर मराठी बाजूला ठेवते, कारण वाचणाऱ्या बायका साध्या, जेमतेम शिकलेल्या. श्रोता बदलला की बोलण्याचे सूत्र बदलते, हा धडा एकाच व्यक्तीच्या लेखनातून शिकवता येतो.

रमाबाईंचे ख्रिस्ती धर्मात झालेले धर्मांतर पाहता हा मजकूर वादग्रस्त आहे, असे कुणी म्हणेल. म्हणूनच तो वर्गात हवा. पुस्तक उच्चवर्णीय स्त्रीबद्दल आहे. दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई त्यात कुठे आहे? ख्रिस्ती वाचकाच्या कानाला गोड लागेल असे त्यात काय आहे? अमेरिकन देणगीदारांनी ज्या शारदा सदनाला पैसे दिले, त्याच्यावर 1893 मध्ये ‘केसरी’ने टीका का केली? पटवणारी भाषा वापरता यावी, तसेच आपल्याला कसे पटवले जात आहे हेही ओळखता यावे. निवडणुकीच्या सभा आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांच्या काळात दुसरे कौशल्य जास्त गरजेचे.

शिक्षकांचा आक्षेप वेगळा आणि खरा आहे: मुलांना साधे इंग्रजी वाक्य जुळवता येत नाही, त्यांच्यापुढे हे कुठले चोचले? पण महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे शिकूनही वाक्य येत नसेल, तर त्याचे एक मोठे कारण हे की ते कुणाला तरी काही सांगण्यासाठी कधी लागलेच नाही. पत्रलेखन आणि भाषण अभ्यासक्रमात आहेत, अकरावी-बारावीत एखाद्या विषयाच्या दोन्ही बाजूही लिहायच्या असतात. पण पत्र कुठे जात नाही आणि भाषण कुणी ऐकत नाही. चर्चा खुशाल मराठीत व्हावी. रमाबाईंच्या आवाहनातली दोन पाने नववीच्या वर्गात मराठीतून उकलावीत, मग गावाजवळचा महामार्ग ओलांडताना होणाऱ्या त्रासाबद्दल प्रत्येकाने दोन पत्रे लिहावीत: एक ग्रामपंचायतीला मराठीत, एक महामार्ग प्राधिकरणाला इंग्रजीत, आणि दोन्हींत काय बदलले ते तोंडी सांगावे. ती पत्रे खरोखर पोस्टात टाकावीत. भाषेचे 20 गुण शाळेच्या हातात असतात. ते यासाठी वापरायला बोर्डाची परवानगी लागत नाही. आपले म्हणणे कुणाला, का आणि कसे सांगितले हे ज्या मुलीला समजावता येईल, तिला कवितेतली उपमा कशासाठी आहे हे फळ्यावरून उतरवून घ्यावे लागणार नाही.