अळीचा वाटा

शत्रूला जेवू घालावं का, हा प्रश्न फार जुना आहे. त्याची उत्तरं धर्मग्रंथांत सापडतात, संतांच्या चरित्रांत सापडतात. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना मात्र हा प्रश्न २००२ सालापासून कापसाच्या बियाण्याच्या पिशवीत सापडू लागला. त्या वर्षी बीटी कापसाला आपल्या देशात परवानगी मिळाली. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमची एक पुडी फुकट मिळायची. पुडीत साधं, बिगरबीटी बियाणं. हे साधं बियाणं शेताच्या चारी बाजूंनी पाच ओळी, किंवा एकूण कपाशीच्या वीस टक्के क्षेत्रावर, यांपैकी जे जास्त भरेल तेवढं लावायचं आणि तिथे बोंडअळीला सुखाने जेवू द्यायचं, असा नियम होता.

नियम वाचून प्रथम वाटतं, की कृषी खात्यात एखादे साधुपुरुष नोकरीला लागले असावेत. ज्या अळीच्या नायनाटासाठी एवढं महागाचं बियाणं घ्यायचं, तिच्याच पंगतीची सोय करायची!

निसर्गातली देवाणघेवाण म्हटली, की आम्हा अमरावतीकरांना मेळघाट आठवतो. १९७४ साली तिथे व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ सांबराला खातो, सांबर गवत खातं, आणि आपण चिखलदऱ्याला जाऊन भजी खातो, इथपर्यंत आमचं ज्ञान पक्कं. पण रोज बडनेऱ्याहून अकोल्याला अप-डाऊन करणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला वाघ काही दिसत नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे आणि पलीकडे खिडकीतून दिसते ती कपाशी, तूर आणि सोयाबीन. मेळघाटात जे चालतं तेच त्या कपाशीच्या ओळीत चालतं. फक्त वाघाऐवजी ढालकिडा, सांबराऐवजी मावा, आणि बघायला पर्यटक नाहीत.

तर त्या पुडीचं रहस्य. जमिनीत एक जिवाणू असतो. अळीच्या पोटात गेल्यावर तिचं आतडं फोडणारं एक प्रथिन तो तयार करतो. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं, की बीटी कापूस झाला. अळीने बोंड कुरतडलं, की कारभार आटोपला. पण लाखो अळ्यांमध्ये दोन-चार अशा निघतातच, की ज्यांना हे विष पचतं. शिवारात सगळीकडे बीटीच असेल, तर बाकीच्या मरतात आणि या दोन-चारच उरतात. त्यांचे पतंग होतात, त्यांची लग्नं आपापसातच लागतात, आणि जन्माला येणारी प्रजा आईबापांसारखीच विष पचवणारी निपजते. शेजारी साध्या कापसाच्या ओळी असल्या, तर तिथे साधे पतंग हजारोंनी वाढतात. मग त्या दोन-चार पैलवानांना स्थळं येतात ती या साध्या घराण्यांतली. पोरं निघतात नाजूक प्रकृतीची, आणि बीटीचा पहिला घास खाऊन मरतात. थोडक्यात, त्या पाच ओळी म्हणजे अन्नछत्र नव्हतंच. ते वधूवरसूचक मंडळ होतं.

आमच्या आजोबांच्या पिढीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं. पण ताटाभोवती ते रोज चित्राहुती घालत. पहिला घास घेण्यापूर्वी भाताची चार-पाच शितं ताटाच्या कडेला मांडायची. एक चित्राला, एक चित्रगुप्ताला, एक यमाला आणि एक सगळ्या भुताखेतांना, म्हणजे जीवमात्राला. जेवण झाल्यावर ती शितं मुंग्या, चिमण्या, कावळे यांच्याकडे पोचत. शेताच्या कडेच्या पाच ओळी आणि ताटाच्या कडेची पाच शितं! यातला चित्रगुप्त मला व्यवसायबंधू म्हणून विशेष जवळचा वाटतो. आपला वाटा घेऊन तो लगेच खातेवही उघडून बसत असणार.

बँकेतसुद्धा अशी एक चित्राहुती आहे. लोकांच्या ठेवी आल्या, की सगळ्याच्या सगळ्या कर्जाऊ देऊन व्याज खात बसता येत नाही. त्यातला ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो, आणि त्यावर एक पैसा व्याज मिळत नाही. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला हे शिकताना सगळा वर्ग हळहळतो, की एवढा पैसा नुसता पडून राहणार! पण पडून राहिलेला तो पैसा बाकीच्या पैशाला उभं ठेवतो.

एवढं सगळं पटवून मी एकदा काउंटरवर आलेल्या एका काकांना म्हटलं, "काका, ती पुडी फेकू नका. धुऱ्यानं लावून टाका."

काका पीककर्जाच्या अर्जावर अंगठ्याची शाई पुसत म्हणाले, "भाऊ, माहं वावर पाच एकर. त्यातला एक एकर अळीले द्या म्हनते. थे अळी का हप्ता भरनार हाय बँकेचा?"

यावर कॉमर्सच्या कुठल्याच वर्षाला उत्तर शिकवलेलं नाही.

आणि काका एकटे नव्हते. गावोगाव त्या पुड्या बांधावर पडल्या. काही बियाणं धड उगवत नसे, अशीही तक्रार होती. शिवाय अडचण निराळीच होती. मी पाच ओळी लावल्या, तर त्यांतले साधे पतंग फक्त माझ्याच शेतातल्या पैलवानांना स्थळ म्हणून जाणार थोडेच! ते शेजाऱ्याकडेही जाणार. नुकसान माझं, फायदा सगळ्या शिवाराचा. उलट मी नाही लावल्या, तर फायदा माझा आणि नुकसान सगळ्यांचं वाटून. पतंगाला सातबारा वाचता येत नाही, हीच मोठी पंचाईत आहे. कर्जाला जामीनदार लागतो, तो निदान सही तरी करतो. शिवारात मात्र प्रत्येक जण प्रत्येकाला जामीन असतो, आणि सही कोणाचीच नसते.

व्हायचं ते झालं. बीटीत दुसरं जनुक घातलेलं बियाणं २००६ साली आलं. गुलाबी बोंडअळीने तेही पचवलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडून पाहावीत तर आत गुलाबी अळी सरकी खात बसलेली. त्याच हंगामात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. इथे विनोदी लेखकानेही जरा टोपी काढून उभं राहावं. पाच ओळींत चार महिने जेवून गेली असती ती अळी माणसांच्या घरापर्यंत आली.

हीच अळी अमेरिकेतल्या ॲरिझोनातही होती. तिथल्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बीटीसोबत साध्या कापसाचा वाटा इमानाने राखला. अळी नाजूकच राहिली. मग २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि २०१८ साली गुलाबी बोंडअळी तिथल्या कापूसपट्ट्यातून नाहीशी झाल्याचं अमेरिकन सरकारने जाहीर केलं. गंमत पाहा. ज्यांनी अळीला वाटा दिला, त्यांच्याकडची अळी गेली. ज्यांनी दिला नाही, त्यांच्या अख्ख्या ताटावर ती पाट मांडून बसली.

आता यात पुण्य कुठे आलं, असं कोणी विचारील. मारण्यासाठीच जेवू घालायचं, ही कसली चित्राहुती? हा तर निव्वळ धंदा! मला वाटतं, हिशेबीपणाला एवढं नाक मुरडायचं कारण नाही. आमची आजी गोग्रास काढायची तेव्हा तिचा डोळा पुढच्या जन्मावर असायचा. ती दीर्घ मुदतीची ठेव होती, एवढाच फरक. पण ठेव ठेवायला आधी एक गोष्ट कबूल करावी लागते, की या जगात आपल्याखेरीज इतरांचीही खाती आहेत. गुलाबी बोंडअळीचं खातं तर फार जुनं. भारतातल्या कापसावर तिची नोंद १८४० च्या दशकातली आहे. आमची बँक तेव्हा नव्हती. अळी म्हणजे शत्रू, असं एकदा ठरवलं, की तिला संपवण्याखेरीज दुसरा विचारच सुचत नाही. जुनी खातेदार म्हटलं, की निदान देणंघेणं तपासून तरी पाहता येतं.

देण्यालाही शिस्त हवी, हे मात्र खरं. कृषी विद्यापीठाची माणसं सांगतात, की फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कपाशी संपवा, पऱ्हाट्या उपटा. अळीला पुढचे महिने कापूस मिळाला नाही, की तिचा वंश आपोआप आटोक्यात येतो. पाहुण्यांचं शास्त्र तरी वेगळं काय आहे? पोटभर वाढा, पण मुक्काम लांबवू देऊ नका.

पुढे सरकारने मनुष्यस्वभाव ओळखला आणि साधं बियाणं बीटीच्या पिशवीतच मिसळून द्यायला सुरुवात केली. आता पुडी फेकायची सोयच उरली नाही. आम्हा पगारदारांचा प्राप्तिकर हातात पडण्यापूर्वीच कापतात, तसंच हे. ज्याला स्वतःहून चित्राहुती घालवत नाही, त्याच्या भातातच ती कालवून दिली!

तरी काकांचा प्रश्न शिल्लक राहतोच. ॲरिझोनातल्या शेतकऱ्याने शेकडो एकरांतून वाटा काढला. आमच्या काकांनी तो पावसाच्या भरवशावरच्या पाच एकरांतून काढायचा. वर आपण शहरातली माणसं पंख्याखाली बसून म्हणणार, 'शेतकरी अडाणी, त्याला निसर्गसाखळी कळत नाही.' साखळी त्याला आपल्यापेक्षा बरी कळते, कारण ती त्याच्या पायात आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम चालतो, कारण तो सगळ्याच बँकांना सारखा लागू आहे. एकाच बँकेला सांगितलं असतं, 'बाई गं, सगळ्यांच्या वतीने तू ठेव', तर ती दुसऱ्या दिवशी बुडाली असती. आजोबा चित्राहुती घालत ती स्वतःच्या ताटातून. शेजाऱ्याच्या ताटातली शितं उचलून मुंग्यांना वाढल्याचं पुण्य चित्रगुप्त कोणाच्या नावे जमा करणार, हे मला कारकून असूनही सांगता येत नाही.

पाच ओळींनी सगळं शिवार वाचत असेल, आणि त्या शिवारावर जिन चालत असेल, गिरणी चालत असेल, दुकान चालत असेल, तर त्या ओळींचा खर्च एकट्या वावरवाल्याच्या नावे का पडावा? कापूस पिकवत नसलो, तरी तो अंगावर घालतो आपण सगळेच. आपल्या सदऱ्याच्या कॉलरच्या आत एक बारीक चिठ्ठी शिवलेली असते: 'शंभर टक्के कॉटन'. हिशेबाच्या दृष्टीने त्या चिठ्ठीत मला खोट दिसते. त्यातल्या वीस टक्क्यांवर एका अळीचा हक्क होता, आणि त्याची रक्कम आपल्यापैकी कोणी अजून भरलेली नाही.