आधी खांद्याला हात लावा

बसा. मोबाइल पालथे ठेवा. आज नवीन काही शिकवणार नाही. तीन वर्षं जे शिकवलं त्याचं तुम्ही ओपीडीत काय करता, ते काल मी पाहिलं. रात्री झोप लागली नाही. आज त्याचा हिशेब होईल.

माझ्या हातात हे दोन केसपेपर आहेत. नावं झाकली आहेत, पेशंटची आणि तुमचीही. कोणी लिहिलेत ते ज्याचं त्याला ठाऊक आहे.

पहिला ऐका. बाई, वय ५४, घरी डबे करतात, रोज चाळीस जणांच्या पोळ्या लाटतात. तीन महिन्यांपासून उजवा खांदा दुखतो. तपासणी म्हणून या कागदावर एक अक्षर नाही. 'खांदेदुखी, एमआरआय करून आणणे' एवढंच. बाईंनी भिशीचे पैसे उचलले आणि बाहेरून एमआरआय केला. रिपोर्टात आलं, सुप्रास्पायनेटसची कंडरा अर्धवट फाटली आहे. पुढच्या भेटीत तुमच्यापैकी एकानं त्याखाली लिहून दिलं, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया.

काल त्या माझ्यासमोर बसल्या होत्या. वेणी घालता येत नाही, म्हणून मुलगी घालून देते, असं सांगताना त्यांचे डोळे भरले. मी त्यांचं उजवं कोपर कुशीला टेकवून धरलं, काटकोनात वाकवलं आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळवायला गेले. वळेना. डावा हात साठ अंश सहज गेला, उजवा वीससुद्धा नाही. त्या वळवत नव्हत्या, मी वळवत होते, तरी नाही. याला अर्धं मिनिट लागलं.

कंडरा फाटल्यामुळे हात अडतो तेव्हा पेशंटला स्वतःला तो उचलता येत नाही, पण आपण उचलला तर तो जातो. इथे आपण वळवूनही जात नाही आणि एक्स-रे स्वच्छ आहे. म्हणजे दुखणं कंडरेचं नाही, सांध्याच्या आवरणाचं आहे. खांदा आखडला आहे. मी साखरेचं विचारलं. त्या म्हणाल्या, गोळ्या संपल्या तेव्हापासून आणल्याच नाहीत. मधुमेह असलेल्यांचा खांदा जास्त आखडतो आणि सुटायला जास्त वेळ घेतो, हे परीक्षेत तुम्ही सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं. मग ओपीडीत हा प्रश्न एकाच्याही तोंडून का निघाला नाही? दुखणं रेड्याचं आणि डाग पखालीला, असा हा प्रकार आहे. त्या बाईंना हवी होती साखरेवर पकड, सांध्यात एखादं इंजेक्शन, हळूहळू ताण देणारे व्यायाम आणि 'वेळ लागेल, पण हात सुटेल' हा शब्द. तुम्ही त्यांना ऑपरेशन टेबलाकडे पाठवत होता.

'पण मॅडम, रिपोर्टात फाटलेली दिसतेय ना?' दिसते. १९९५ साली खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचा एमआरआय काढून पाहिला गेला. साठीच्या पुढच्यांत ५४ टक्क्यांच्या कंडरेत लहानमोठी फाट निघाली. धड चाललेली, हात वर नेणारी माणसं होती ती. कापड जसं वापरून विरतं तशी कंडराही विरते. विरलेली कंडरा हेच या माणसाच्या दुखण्याचं कारण आहे की नाही, हे फिल्म सांगत नाही. ते खांदा तपासूनच कळतं. बॉस्टनच्या कॉडमननं १९३४ साली खांद्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. 'फ्रोजन शोल्डर' हे नाव त्याचंच. त्याच्याकडे कुठला एमआरआय होता?

आता दुसरा कागद. याची मला जास्त चीड आहे, कारण इथे वेळ गेली आणि ती परत येणार नाही.

रंगारी, वय ५१. घोडीवरून हातावर पडला. तेव्हापासून हात वर जात नाही. एक्स-रे काढला, हाड शाबूत. कागदावर लिहिलं, मुका मार. वेदनाशामक गोळ्या, गळ्यात झोळी, पंधरा दिवसांनी दाखवा. तो पंधरा दिवसांनी आला. पुन्हा त्याच गोळ्या, तीच झोळी. काल आला तेव्हा सात आठवडे झाले होते.

मी त्याला शर्ट काढायला सांगितलं. तो म्हणाला, 'इथे आजवर कोणी काढायला लावला नाही.' तुमच्या खुर्चीत मी बसले होते, मान माझी खाली गेली. खांद्याच्या मागे, स्कॅप्युलाच्या उभाराखाली खड्डा पडलेला होता. स्नायू वाळलेला, चार हातांवरून दिसेल असा. मी त्याचा हात बाहेर वळवून धरला आणि सोडला. हात तिथे थांबला नाही, फाटकासारखा आत आला. धरून ठेवणारी कंडराच उरली नव्हती.

चाळिशीनंतर पडून हात उचलता येत नसेल आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर कंडरा फाटली आहे असं धरून चाला. खांदा निखळून बसवलेल्या चाळिशीपुढच्या पेशंटलाही हेच लागू. मुका मार हा शब्द त्याच्या कागदावर येता कामा नये. दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना बघा, नस दुखावली नाही ना ते बघा आणि लगेच सोनोग्राफी किंवा एमआरआय मागवा. फाटलेली कंडरा आत ओढली जाते, स्नायूत चरबी भरते आणि ती भरली की शिवूनही पहिली ताकद येत नाही. या माणसाचं पोट हात वर नेण्यावर आहे. छत रंगवायचं असतं त्याला.

दोन्ही कागद शेजारी ठेवा. एकीला नको तो एमआरआय लिहिला, दुसऱ्याला हवा तो लिहिला नाही. चुका उलट्या दिसतात, पण मूळ एकच आहे. दोघांच्याही खांद्याला तुम्ही हात लावला नाही.

गर्दी असते, हे मला सांगू नका. याच ओपीडीत मी तुमच्या वयाची असताना उभी होते. खांदा तपासायला पाच मिनिटं पुरतात. शर्ट काढा, मागून बघा. पेशंटला हात बाजूनं वर न्यायला सांगा. साठ ते एकशे वीस अंशांच्या मधेच दुखत असेल तर कंडरेचा संशय घ्या. मग तोच हात तुम्ही न्या. दोन्हींतला फरक म्हणजे निम्मं निदान. मग ताकद: हात वर दाबून, बाहेर वळवून, पाठीमागे नेऊन कमरेपासून उचलायला लावून. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, सबस्कॅप्युलारिस, प्रत्येकाला आपापला प्रश्न विचारायचा. शेवटी मान. वेदना कोपराच्या खाली उतरून बोटांत मुंग्या येत असतील तर चोर मानेत आहे. चालताना डावा खांदा भरून येतो, घाम येतो, असं कोणी सांगितलं तर खांदा सोडा, आधी ईसीजी काढा. वजन घटतंय, ताप येतोय, आधी कॅन्सर होऊन गेलाय, हे विचारल्याशिवाय उठू नका.

पेशंट विचारतो, हे झालं कशानं? त्याला 'वय झालं' म्हणून वाटेला लावू नका. वय आहेच. पण महिनोन्महिने हात डोक्याच्या वर नेऊन केलेलं काम आहे, सवय नसताना एका दिवसात उचललेलं ओझं आहे, साखर आहे, सिगारेट आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्सही कंडरेला बाधतात, तेव्हा मागच्या काही आठवड्यांत कुठली औषधं घेतली तेही विचारा.

आणि उपचार. कंडरा बरी होते ती बेतानं वाढवत नेलेल्या भारानं. पडल्याचा इतिहास नसलेल्या दुखऱ्या खांद्याला झोळी देऊन बसवलंत, तर तो आखडेल. आगीतून फुफाट्यात. किमान बारा आठवडे व्यायाम लागतो आणि करताना थोडं दुखलं तरी चालतं, हे त्याला तोंडानं सांगा. नाहीतर चौथ्या दिवशी दुखतं म्हणून तो सोडून देतो आणि तुम्ही लिहिता, फिजिओथेरपीचा उपयोग नाही.

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण कंडरा सांधत नाही. आराम वाटला म्हणून पुन्हा पुन्हा टोचत गेलात तर तीच कंडरा कमकुवत होते. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, हे आधी सांगायचं. घरी जाऊन घाबरल्यावर नाही.

हाड घासून जागा मोकळी करण्याच्या ऑपरेशनचा फार भरवसा धरू नका. नीअरनं १९७२ साली ती कल्पना मांडली आणि जगभर हाडं घासली गेली. २०१८ साली ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांतल्या ३१३ पेशंटचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. काहींचं हाड खरोखर घासलं होतं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली होती. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला.

तुम्हाला लाज वाटावी असा अभ्यास पुढचा आहे. २०२१ साली तिथेच ७०८ पेशंटवर पाहिलं गेलं. फिजिओथेरपिस्टनं एकदाच, पण वेळ देऊन नीट समजावलं आणि घरचे व्यायाम शिकवले, तरी वर्षभरात तेवढाच गुण आला जेवढा सहा वेळा बोलावून आला. आपल्या पेशंटची एकेक खेप म्हणजे बुडालेला रोज असतो. त्याला दहादा बोलवायची गरज नाही. एकदा, पण माणसासारखं बोलायची गरज आहे. ते फुकट आहे आणि तेच तुम्ही देत नाही.

तुम्ही मूर्ख असतात तर मी एवढं बोललेच नसते. तुम्ही हुशार आहात, म्हणूनच हा आळस मला सहन होत नाही. त्या बाईंचं ऑपरेशन मी रद्द केलं आहे. रंगाऱ्याला या आठवड्यात टेबलावर घेतोय. त्याचा हात किती वर जाईल, ते आज मला सांगता येत नाही. सात आठवड्यांपूर्वी पुष्कळ चांगलं सांगता आलं असतं.

उद्या सकाळी नऊला ओपीडी उघडेल. खांद्याच्या प्रत्येक केसपेपरवर चार ओळी हव्यात: स्वतः किती उचलला, आपण उचलल्यावर किती गेला, ताकद किती, मान कशी. या चार ओळी नसलेल्या एमआरआयच्या चिठ्ठीवर मी सही करणार नाही. जा आता.